आईचा कंबरपट्टा

रविवारी जेवण झालं की मी दार लावून घेतो, पंखा बंद करतो आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कुस्त्यांवर मराठीत बोलायला बसतो. पंखा बंद करतो, कारण मोबाईलवर रेकॉर्डिंग करताना त्याची घरघर येते. दार लावतो ते लाजेपोटी. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस एकटाच खोलीत बसून ‘आता बघा, इथं त्यानं दोरीवरनं उडी टाकली’ असं मोठ्यानं बोलतोय, हे शेजाऱ्यांनी ऐकलं तर काय म्हणतील? तसं शेजारचं कुणी येत नाही. दार सताड उघडं ठेवलं तरी येणार नाही. पण लावलेलं बरं दिसतं.

बेळगावात मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करतो. मराठीतलं कन्नडात, कन्नडातलं इंग्रजीत, कधी उलट. या भागात जमिनीचे जुने कागद मराठीत आणि कचेरी कन्नडात, त्यामुळं माझ्यासारख्याला काम कमी पडत नाही. निम्म्याहून जास्त कागद वाटण्यांचे असतात. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, विहिरीचं पाणी, सामायिक बांध, बांधावरचा आंबा कुणाचा. मी अक्षराला अक्षर लावून भाषांतर करतो. मूळ कागदात चूक असेल तर ती चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवतो आणि खाली टीप देतो. वकील म्हणतात, तुमच्या कागदावर डोळे झाकून सही करावी.

हा गुण कोर्टात चालतो. घरात चालला नाही. बायको बोलत असली की मी मध्येच दुरुस्ती करायचो. काल नाही, परवा. सगळे नाही, तिघं. एक दिवस ती म्हणाली, ‘तुमच्याशी बोलायचं म्हणजे पेपर तपासायला दिल्यासारखं वाटतं.’ त्यानंतर माहेरी गेली ती तिकडंच राहिली. बारा वर्षं झाली. तिचं म्हणणं बरोबर होतं, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

कुस्त्यांचं खूळ मागच्या तीन वर्षांतलं. एका रविवारी मोबाईलवर चाळा करता करता नव्वदीच्या सुरुवातीची एक कुस्ती सापडली. निळे कठडे, पिवळे दिवे, तेलानं चकाकणारे दंड. मी ती उभ्या उभ्या बघितली आणि संपल्यावर लक्षात आलं की बघितलेलं सांगायला घरात कुणी नाही. म्हणून मोबाईललाच सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी एक परीक्षण. कुस्तीची चित्रफीत मी वापरत नाही, दुसऱ्याच्या मालाला हात लावायची मला भीती वाटते. एक स्थिर चित्र ठेवतो, कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पैलवानाचं, मीच पेनानं काढलेलं. त्यावर माझा आवाज.

गुण देण्याची माझी पद्धत आमच्याकडच्या जत्रेतली आहे. जत्रेच्या फडात पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, जरा मोठ्यांच्या नारळावर, त्यानंतर फेटा आणि शेवटच्या कुस्तीला गदा. मीही तसंच करतो. ही कुस्ती रेवडीची, ही नारळाची. गदा आजवर दोघांनाच दिली आणि दोन्ही वेळा हरणाऱ्याला. लोक म्हणतात, त्या कुस्त्या ठरवून केलेल्या, खोट्या, नुरा. असतील. मग तर हरणाऱ्याचं काम जास्त अवघड. समोरच्याचा हात नुसता लागला तरी आपण सात पावलं धडपडत जायचं, कठड्याला आपटायचं, आपण मेलो असं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला वाटलं पाहिजे. जिंकणाऱ्याला काय, तो उभाच राहतो. हे मी एकदा वीस मिनिटं समजावून सांगितलं. ऐकणारे असतील दहा-बारा. त्यातले काही चुकून आलेले.

खरं सांगायचं तर मला एकच माणूस ऐकायला हवा होता. दर रविवारी चारच्या सुमाराला मी त्या परीक्षणाची लिंक निपाणीला माझ्या अण्णाला पाठवत होतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. संध्याकाळपर्यंत दोन निळ्या खुणा यायच्या. म्हणजे उघडलं, बघितलं. उत्तर कधी आलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.

त्यानं उत्तर का द्यावं, हा प्रश्न होताच. त्याची कुस्ती मीच बंद पाडली होती.

आमच्या गल्लीत केबल आली तेव्हा मी आठवीत होतो. अण्णानं शाळा सातवीतच सोडली होती आणि तो तंबाखूच्या वखारीत कामाला जायचा. घरी आला की त्याच्या अंगाच्या वासानं आईला शिंका यायच्या. त्यानं कुठून तरी एक जुना रंगीत टीव्ही आणला. त्यात माणसं जरा हिरवट दिसायची. रविवारी दुपारी कुस्त्या लागत. निम्मी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची. वखारीतल्या बाया, त्यांची पोरं, आणि कोपऱ्यातल्या घरातले एक म्हातारे पैलवान. त्यांनी तरुणपणी जत्रेचे फड गाजवले होते. त्यांचे कान फुटून सुजलेल्या पुरीएवढे झाले होते.

पैलवानांची एक पंचाईत होती. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की कुस्ती सुटली, संपलं. तिकडं पंच तीनपर्यंत मोजतो आणि पडलेला गडी दोनला उसळून उठतो. हे पैलवानांना शेवटपर्यंत मान्य झालं नाही. कुणाचीही पाठ टेकली की ते ‘लागली, सुटली कुस्ती’ म्हणून उठायचे, धोतर झटकायचे आणि घरी जायचे. दोन मिनिटांत कुस्ती सुरूच आहे असा ओरडा ऐकून परत यायचे. एका दुपारी चार-चार फेऱ्या व्हायच्या.

पण लोक कुस्तीसाठी येत नव्हते. कुस्तीच्या आधी किंवा नंतर टीव्हीतले पैलवान माईकसमोर येऊन डोळे वटारून बोलायचे. आता त्याला प्रोमो म्हणतात हे मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत त्याला ‘धमकी’ म्हणत. लोक यायचे ते धमकीसाठी, आणि ती इंग्रजीत असल्यामुळं तिचं भाषांतर करायला अण्णा.

अण्णाला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. यस, नो आणि ब्रदर, एवढे तीन शब्द. पण त्या काळात तिकडचे पैलवान दर वाक्याला ब्रदर म्हणत. अण्णानं पहिल्याच रविवारी ते ऐकलं आणि सगळ्यांकडं वळून जाहीर केलं, ‘सख्खं भाऊ हैत ती.’

मग सगळंच जुळत गेलं. भाऊ भांडतायत म्हणजे वाटणी. विजेत्याला मिळणारा तो सोनेरी पट्टा म्हणजे त्यांच्या आईचा कंबरपट्टा. माईक धरून शेजारी उभा असलेला कोटवाला म्हणजे पंचनाम्याला आलेला तलाठी. ‘बगा, तलाठ्याच्या त्वांडाकडं बगा, थोरल्यानं त्याला जेवाय बलीवलं न्हाई वाटतं,’ असं अण्णा म्हणाला की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पिवळ्या केसांचा जाडजूड होता तो थोरला. काळ्या दाढीचा, जरा चिकणा, तो धाकटा. दर रविवारी त्यांच्या गोष्टीत भर पडत गेली.

अण्णा एका उलट्या टाकलेल्या डब्यावर बसायचा, टीव्हीच्या शेजारी, लोकांकडं तोंड करून. पडद्याकडं तो अर्धा डोळा ठेवायचा. पैलवानाचं बोट वर गेलं की अण्णाचं बोट वर. थोरल्याची एक धमकी मला अजून पाठ आहे. ‘ऐक रं धाकट्या, आई जाताना काय म्हनली? हिरीचं पानी तीन दिस तुला, तीन दिस मला, आन् ऐतवारी येईल त्या वाटसराला. तू ऐतवारचं बी घेतलंस, मी गप बसलो. बांध कोरलास, गप बसलो. पन आईचा कंबरपट्टा खांद्यावर टाकून गावातनं हिंडतोस? आरं, आईनं त्यो सनासुदीला सुदीक भीत भीत घातलाता!’

आमच्याकडं गुंठाभर जमीन नव्हती. आमच्या घराण्यात कुणाला भांडायलासुद्धा बांध नव्हता. आईला कंबरपट्टा कधी मिळाला नाही. अण्णानं हे सगळं वखारीत येणाऱ्या शेतकऱ्यांच्या गप्पांतून उचललं होतं. पण त्या दिवशी एक बाई खरोखर रडली. माझी आईसुद्धा डोळे पुसत म्हणाली, ‘आता धाकटा काय म्हनतोय बगूया.’

धाकट्याचं उत्तर यायला बरेच दिवस गेले. मधल्या काळात आमची केबल तुटली, पुन्हा आली, मी दहावी झालो आणि बेळगावला कॉलेजात आलो. माझी फी, खोली, पुस्तकं, सगळं अण्णाच्या वखारीतून येत होतं. मी इंग्रजी सपाटून वाचायला लागलो होतो. तेवढ्यात अण्णानं कुठल्याशा कॅसेटच्या दुकानातून धाकट्याच्या उत्तराची कॅसेट मिळवली. व्हीसीआर भाड्यानं आणला, आणि मी सुट्टीला घरी येईपर्यंत ती लावली नाही. ‘प्वारगं येऊ दे, मग लावू,’ असं म्हणून त्यानं गल्लीला थांबवून ठेवलं होतं. हे मला आईनं नंतर सांगितलं.

खोली भरली होती. पैलवान दाराशी. अण्णा डब्यावर. पडद्यावर धाकटा आला, काळी दाढी, कपाळावर शिरा तट्ट फुगलेल्या. तो बोलायला लागला आणि अण्णानं श्वास घेऊन सुरुवात केली, ‘दादा, तू थोरला खरा...’

‘अण्णा, त्यो असं म्हनतच न्हाय,’ मी म्हणालो.

कुणी मला विचारलं नव्हतं. मला समजत होतं आणि समजतंय हे दाखवायची खाज होती, दुसरं काही कारण नव्हतं. अण्णा थांबला. मी थांबलो नाही. ‘आन् ती भाऊ न्हाईत. ब्रदर म्हंजे भाऊ न्हवं. तिकडं कुनालाबी ब्रदर म्हनत्यात. तू रिक्षावाल्याला भावा म्हनतोस, त्यो काय तुजा भाऊ हाय?’

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. बघता बघता खोलीभर हसू पसरलं. इतकी वर्षं आपल्याला हा बनवत होता असं काही जणांना वाटलं असणार. अण्णा पण हसला, पण जरा उशिरा. मग त्यानं मला विचारलं, ‘म्हंजे भाऊ न्हाईत म्हन?’

‘न्हाईत.’

‘बग की,’ तो एवढंच म्हणाला. दारातून पैलवान ओरडले, ‘अरं, त्याला बोलू दे की लेका. शिकलेलं प्वार सांगतंय!’

अण्णा डब्यावरून उठला. मी त्या डब्यावर बसलो आणि अगदी अचूक भाषांतर केलं. पुढच्या शनिवारी अमुक शहरात सामना आहे. तिकिटं थोडीच उरली आहेत. माझे दंड बघा. मी त्याला चिरडून टाकीन. एवढंच होतं त्यात. मी ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणाला पटलं नाही. मग एकेक जण उठायला लागला. कुणाला पाणी भरायचं होतं, कुणाचं दूध उतू जाणार होतं. कुणाचीही पाठ टेकली नव्हती तरी पैलवान त्या दिवशी गेले ते परत आले नाहीत.

अण्णा त्यानंतर डब्यावर बसला नाही. भांडला नाही, माझी फी थांबवली नाही, पुढं मी बेळगावात स्थिरावलो तेव्हा पेढे वाटले. पण धमकी लागली की तो उठून बाहेर जायचा. पुढं वखारी एकेक करून बंद पडल्या आणि तो सदलग्याकडच्या एका यंत्रमागाच्या शेडात कामाला जायला लागला. वीस वर्षं तिथं गेली. आमच्यात बोलणं राहिलं ते सणापुरतं. आई आजारी होती तेव्हा मी एकदा तिच्या उशाशी बसलो होतो. ती डोळे मिटूनच म्हणाली, ‘धाकटा काय म्हनला रं मग?’ मी म्हणालो, ‘कोण धाकटा?’ तिनं कूस बदलली. बेळगावला परतताना काकती गावाच्या आसपास माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर उशीर झाला होता. पुढच्या वेळी गेलो ते तिच्या मातीला.

मातीच्या दिवशीसुद्धा मी अण्णाला दोन-तीनदा काहीबाही बोललो. त्यानं नुसती मान हलवली. नंतर सणावारी मी फोन केला की वहिनी उचलायची. ‘त्यास्नी देऊ का?’ असं तिनं कधी विचारलं नाही आणि मीही ‘द्या’ म्हणालो नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की अण्णानं राग धरलाय. कोर्टात रोज तेच बघतो ना मी. भाऊ एकाच बाकावर बसतात आणि वकिलामार्फत बोलतात.

गेल्या महिन्यात ती धमकी मला सापडली. काळी दाढी, फुगलेल्या शिरा, शेजारी कोटातला तलाठी. मी ती ओळीनं अकरा वेळा बघितली, वही घेऊन शब्द न् शब्द उतरवला. माझं त्या दिवशीचं भाषांतर तपासून पाहिलं. एकही चूक नव्हती. तिकिटं, शनिवार, दंड, सगळं बरोबर. बरोबर असूनही इतकं टाकाऊ काही मी आयुष्यात वाचलं नव्हतं. मी परीक्षणात सांगितलं, ‘या धमकीला रेवडीसुद्धा देणार नाही. पण हिचं एक मराठी भाषांतर अर्ध्यावर राहिलंय. “दादा, तू थोरला खरा” इथपर्यंत ते झालं होतं. ते पुरं झालं असतं तर मी गदा दिली असती. ते करणारा माणूस ऐकत असेल तर त्यानं पुढचं सांगावं. मी चुकलो होतो.’

हे बोलताना माझा आवाज फुटला. मी तो तसाच ठेवला आणि अण्णाला पाठवला. संध्याकाळी निळ्या खुणा आल्या. मी मोबाईल समोर ठेवून बसलो. भात लावला, खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही, आठवड्यानं नाही. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. माणसानं किती ताणावं? तीस वर्षांनी आपण मान खाली घातली तर निदान एक अंगठा पाठवावा.

शेवटी मी वहिनीला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, ‘अण्णाला सांगा, ऐकून घेऊन गप्प बसायचं असेल तर मी पाठवायचं बंद करतो.’

ती गोंधळली. ‘काय ऐकून? भावजी, त्यास्नी ऐकू कुठं येतंय?’

‘म्हणजे?’

‘मागाच्या खडखडाटानं कान गेलं की त्यांचं. पाच-सात वर्सं झाली. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?’ मग तिनंच सांगितलं, ‘दर ऐतवारी तुमी त्या पैलवानाचं चित्र पाठिवतासा न्हवं, त्ये बघत्यात. येळानं ठेवत्यात फोन. मला म्हनत्यात, ह्यो एकच चित्र का पाठिवतोय कुनाला ठावं, पन पाठिवतोय.’

मी फोन ठेवला. तीन वर्षं मी एका बहिऱ्या माणसाला आवाज पाठवत होतो आणि तो बिचारा दर रविवारी माझं पेनानं काढलेलं चित्र निरखत होता. दुसऱ्यांच्या कागदांतली खाडाखोड शोधणारा मी, सख्ख्या भावाचे कान गेलेले मला कळले नव्हते. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्याच रविवारी निपाणीची एसटी धरली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीचं दार रविवारी दुपारी बाहेरून बंद होतं. संकेश्वर येईपर्यंत मी वहीत काय लिहून दाखवायचं ते तयार केलं. चांगली चार पानं झाली, टिपांसह.

अण्णा ओसरीवरच्या खाटेवर बसला होता. केस पांढरे, खांदे आले होते खाली. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. मला बघून त्याचं तोंड उजळलं आणि तो गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, ‘कवा आलास रं?’ बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. मी कानाकडं बोट करून यंत्राचं विचारलं. त्यानं हात झटकला. ‘हाय की, फळीवर. शिट्ट्या मारतंय नुसतं.’

मी त्याच्या शेजारी बसलो आणि वही पुढं केली. त्यानं ती परत माझ्या मांडीवर ठेवली. ‘चष्मा न्हाई. आन् यवडं कोन वाचतंय? त्वांडानं सांग.’

मग मी मोबाईल काढला आणि ती धमकी लावली. अण्णानं मोबाईल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. काळी दाढी दिसल्याबरोबर तो ताठ झाला.

‘धाकटा!’ तो म्हणाला. ‘आन् त्यो बग तलाठी. मेला असंल आता.’ शिरा फुगलेला तो माणूस पडद्यावर मूठ आपटत होता आणि आवाज माझ्या एकट्याच्याच कानात येत होता. शनिवार. तिकिटं. दंड. अण्णानं माझ्याकडं तोंड वळवलं.

‘काय म्हनतोय रं त्यो?’

त्यानं ते सहज विचारलं. मनात काही धरून नाही. मी त्याच्या डाव्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, ‘त्यो म्हनतोय, दादा, तू थोरला खरा...’

‘आं?’

‘दादा, तू थोरला खरा!’

‘मोठ्यानं बोल की!’

मग मी ओरडलो. एवढा मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. ‘दादा, तू थोरला खरा! म्या चुकलो! चारचौघांत तुला तसं बोलाय नगं हुतं!’ समोरच्या घरात तांदूळ निवडणारी बाई मान वर करून बघायला लागली. गल्लीतून जाणारा एक जण मोटारसायकल बंद करून उभा राहिला. वहिनी चहाच्या कपबश्या घेऊन उंबऱ्यातच थांबली. माझा गळा सोलवटून निघत होता. ‘तुज्या जिवावर शिकलो, आन् तुलाच शिकवाय गेलो! आई इचारत गेली धाकटा काय म्हनला, तिलाबी सांगितलं न्हाई! हिरीचं पानी घे, बांध घे, आईचा कंबरपट्टा तुजाच हाय! निस्तं एकडाव माझ्याशी बोल!’

मोबाईलवरची धमकी केव्हाच संपली होती. अण्णा अजून मोबाईल धरून होता. त्यानं एकदा काळ्या पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. माझ्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं मला भान नव्हतं.

‘येवढं वरडून म्हनतोय व्हय त्यो?’ अण्णा म्हणाला.

मी मान हलवली.

त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला, माझा हात तसाच आपल्या हातात ठेवला आणि उंबऱ्यातल्या वहिनीला, समोरच्या बाईला, मोटारसायकलवाल्याला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ऐकलंसा न्हवं? भाऊच हैत ती. शिकलेलं प्वार सांगतंय.’